कंटेनरचं दार एवढं हट्टी का असतं? आणि ते सोपं कसं करता येतं?

माझ्या मामाचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे. खुर्च्या, पडदे, ताडपत्र्या, स्पीकर असा सगळा पसारा ठेवायला त्याने शेताच्या कडेला एक जुना वीस फुटी कंटेनर आणून ठेवलाय. उन्हाळ्यात आणला तेव्हा दार एकट्या माणसाला उघडायचं. पाऊस सुरू झाला आणि जुलैमध्ये त्याच दाराला दोन माणसं आणि एक पहार लागायला लागली. "अरे, गंजलं असेल, ग्रीस मार," मामा म्हणाला. ग्रीस मारलं, काही फरक नाही. एक फॅब्रिकेटर येऊन म्हणाला, दार काढून टाका आणि शटर बसवा. मामा खर्चाला तयारही झाला होता.

तेव्हा मी जरा शोधाशोध केली आणि कळलं, की त्या दारात बिघाड नव्हताच. बिघाड जमिनीत होता.

बांधकामाच्या साइटवर, गॅरेजमागे, शाळेच्या मैदानात तुम्ही असे कंटेनर नक्की पाहिले असतील. समुद्रावरची नोकरी संपली की ते गोदाम म्हणून विकले जातात. स्वस्त, मजबूत, पावसाला दाद न देणारे. तक्रार एकच असते, ती म्हणजे दार. तर हे दार असं का बनवलंय ते आधी बघू, मग ते सोपं करण्याचे मार्ग.

दार नाही, भिंत आहे ती

कंटेनरच्या दारावर चार उभे पाइप दिसतात, प्रत्येक दाराला दोन. यांना लॉकिंग बार म्हणतात. आपल्या घरातल्या गोदरेजच्या कपाटात हँडल फिरवलं की आतले गज वर-खाली सरकतात. इथे तसं होत नाही. इथे पाइप सरकत नाही, जागेवरच गोल फिरतो. त्याच्या दोन्ही टोकांना आकड्यासारखा लोखंडी तुकडा असतो, त्याला कॅम म्हणतात. तो चौकटीवर वेल्ड केलेल्या खाचेत जाऊन बसतो. हँडल फिरवलं की कॅम खाचेला धरतो आणि दाराला आत खेचून रबर पट्टीवर घट्ट दाबतो. पाणी आत न जाण्याचं कारण ही पट्टी आणि हा दाब.

गंमत पुढे आहे. उघडताना तोच कॅम उलटा फिरून खाचेला रेटा देतो आणि दाराला बाहेर ढकलतो. म्हणजे दारात पहार आधीच बसवलेली आहे. समजा हँडल ५० सेमी लांब आहे आणि कॅमचं टोक पाइपच्या मध्यापासून ४ सेमीवर आहे. मग तुमच्या हाताचा जोर तिथे साधारण बारा पट होतो. बरेच जण हँडल अर्धवट फिरवून दार ओढायला लागतात आणि ही बारा पट ताकद वाया घालवतात. हँडल पूर्ण फिरवायचं, दार सुटल्याचं जाणवलं की मगच ओढायचं. आणि आधी उजवं दार. बंद असताना उजव्या दाराची कड डाव्यावर येते, त्यामुळे उजवं उघडल्याशिवाय डावं सुटतच नाही. सीलही म्हणूनच उजव्या दाराला लावतात.

पण एवढा घट्टपणा फक्त पावसासाठी नाही. जहाज डुलतं तेव्हा एकावर एक रचलेल्या कंटेनरांवर आडवा जोर येतो. चाचणीत कंटेनरच्या वरच्या कडेला १५० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १५ टनांचा आडवा जोर लावून बघतात, आणि तोही दारं बंद ठेवून. कारण बंद दार चौकटीला धरून ठेवतं. बाकी पाच बाजू पत्र्याने आणि लाकडी तळाने पक्क्या बांधलेल्या. सहावी बाजू उघडी, ती दारांनी सांभाळायची.

हे समजायला रिकामी काडेपेटी घ्या. आतला खण काढा आणि बाहेरचं कव्हर बोटाने बाजूने दाबा. लगेच तिरकं होतं ना? कंटेनरची दाराकडची बाजू तशीच आहे. जमीन एका कोपऱ्यात खचली की चौकट तिरकी होते, दार मात्र चौकोनीच राहतं. तिरक्या चौकटीत चौकोनी दार अडकणारच.

मामाची जमीन काळी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. कंटेनर उभा असतो तो फक्त चार कोपऱ्यांवर. एक कोपरा वर गेला किंवा खाली बसला की खेळ खल्लास. म्हणूनच मार्चमध्ये दार उघडत होतं आणि जुलैमध्ये नाही.

फोन काढा, पण फोनवर विसंबू नका

आता तुम्ही म्हणाल, फोनमध्ये लेव्हलचं ॲप आहे, ठेवला उंबऱ्यावर की झालं. मीही तेच केलं. स्क्रीनवर ० अंश आले आणि मी मामाला सांगून टाकलं की कंटेनर सरळ आहे. चुकलो. कंटेनर २.४४ मीटर रुंद असतो. एवढ्या रुंदीत १ अंशाचा फरक म्हणजे दोन कोपऱ्यांत चार सेंटिमीटरहून जास्त फरक. ॲप पूर्ण अंशच दाखवत असेल तर अर्ध्या अंशापर्यंतचा, म्हणजे दोनेक सेंटिमीटरचा फरक त्याला दिसतच नाही. दार अडकायला त्याहून कमी पुरतं.

इथे गवंड्याकडची लेव्हल ट्यूब कामाला येते. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन कोपऱ्यांना धरायची, पाणी कुठे येतं ते बघायचं. मिलिमीटरचा फरक कळतो आणि बॅटरी लागत नाही.

दुसरी पद्धत टेपची. दार उघडून आतल्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. वीस फुटी कंटेनरच्या दाराची मोकळी जागा साधारण २.३४ मीटर रुंद आणि २.२८ मीटर उंच असते, म्हणजे कर्ण सुमारे ३.२७ मीटर. एका बाजूचा खांब फक्त १ सेमी खाली गेला तरी दोन कर्णांत जवळपास १४ मिमी फरक पडतो. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट बरोबर आहे, दोष दुसरीकडे शोधा.

फोनचा खरा उपयोग कॅमेऱ्याचा. दारं बंद करून समोर उभं राहून सरळ फोटो काढा आणि झूम करून दोन्ही दारांच्या वरच्या कडा मधोमध जुळतात का ते बघा. ज्या बाजूचं दार खाली दिसतं, त्या बाजूचा दाराकडचा कोपरा बहुतेक वेळा खाली बसलेला असतो. तो वर घ्यायचा. (कधी कधी त्याच्या कर्णातला, म्हणजे मागच्या बाजूचा समोरासमोरचा कोपरा बसलेला असतो, परिणाम तोच दिसतो.)

उचलायचं काम मात्र जाणकारालाच द्या. रिकामा वीस फुटी कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास असतो, सामान वेगळं. हायड्रॉलिक जॅक, पक्का आधार, आणि खाली कोणाचाही हात-पाय नाही. मामाने चारही कोपऱ्यांखाली खड्डा घेऊन मुरूम ठोकला, वर काँक्रीटचे ठोकळे ठेवले आणि उरलेला फरक लोखंडी पट्ट्यांनी भरला. दार एका हाताने उघडलं. शटरचे पैसे वाचले.

तरीही जड वाटत असेल तर

चौकट सरळ असूनही दार रडत असेल तर दोन संशयित उरतात, बिजागरी आणि रबर. बिजागरीची पिन आत गंजून धरते. त्यावर गंज सैल करणारं तेल सोडायचं, थोडा वेळ द्यायचा आणि दार थोडं-थोडं मागे-पुढे हलवत राहायचं. गोदामासाठी बनवलेल्या काही कंटेनरांत बिजागरीला ग्रीस भरायचं निप्पलच दिलेलं असतं, आणि माझ्या मते सगळ्या सुधारणांत ही सर्वात कमी खर्चाची आणि सर्वात उपयोगी आहे. रबराला मात्र ग्रीस किंवा ऑइल लावू नका. ते बहुतेक वेळा ईपीडीएम नावाचं रबर असतं आणि खनिज तेलाने फुगतं. सिलिकॉन स्प्रे चालतो.

आता खास सोप्या दारांकडे येऊ. विचार असा आहे: जहाजावरच्या दाराला चौकट धरायची होती, लाटांचं पाणी अडवायचं होतं, कस्टमचं सील सांभाळायचं होतं. जमिनीवर उभ्या गोदामाला पाऊस आणि चोर एवढेच दोन विषय. मग चार पाइप कशाला?

सर्वात साधा बदल म्हणजे प्रत्येक दाराला एकच लॉकिंग बार आणि लांब हँडल. दाब कमी, पण जागेवर उभ्या कंटेनरला तेवढा पुरतो. दुसरा प्रकार कपाटासारखा. एक हँडल फिरवलं की गज वर-खाली सरकतात. हे हाताला हलकं लागतं, पण यात कॅमचा रेटा नाही, म्हणून रबर मऊ लागतं. जुनं जाड रबर तसंच ठेवून असं लॉक बसवलं तर दार चिकटेल आणि तुम्ही लॉकला शिव्या द्याल. तिसरा प्रकार व्हॅनच्या दारासारखा, ढकललं की आपोआप लॉक होणारा.

रोलिंग शटर आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं. समोर दार उघडायला जागा नसेल तर तेच बरं. पण शटरचा रोल वरची उंची खातो, आणि दारं काढली की चौकट धरणारं कोणी उरत नाही, म्हणजे आतून लोखंडी चौकट जोडावी लागते. शिवाय कंटेनर तिरका झाला तर शटरही त्याच्या पट्टीत अडकणार. मामाने घाई केली असती तर पैसे जाऊन दुखणं तसंच राहिलं असतं.

रोज आत-बाहेर करायचं असेल तर बाजूच्या भिंतीत माणसापुरतं छोटं दार काढतात. फक्त ती नागमोडी भिंत शोभेची नाही, भार घेते. कापलेल्या जागेभोवती चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करायलाच हवी. आणि असा कोणताही मोठा बदल केला की कंटेनरवरची सीएससी पाटी, म्हणजे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसारची मंजुरी, पुन्हा तपासणी होईपर्यंत कामाची नाही. तो कंटेनर पुन्हा जहाजावर पाठवायचा बेत असेल तर हात लावण्याआधी विचार करा.

आतून उघडतं का?

हा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आवराआवर चालली होती. मामाकडचा एक पोरगा आत मागच्या बाजूला पडदे मोजत होता. दुसऱ्याने कंटेनर रिकामा समजून दार ओढलं, हँडल फिरवलं आणि कुलूप आणायला गेला. परत आला तेव्हा आतून ठोकण्याचा आवाज आला म्हणून कळलं. पाच मिनिटंच झाली होती. पोरगा घामाने भिजलेला, हातात फोन, आणि फोनला नेटवर्क नाही. चारी बाजूंनी लोखंड असलं की सिग्नल आत पोचणं अवघडच.

नेहमीच्या कंटेनरला आतून हँडल नसतं. तो माल न्यायला बनवलाय, माणसं नाही. आणि इथेच सोप्या दाराचा एक तोटा लपलाय. जुनं दार निदान वाऱ्याने आपटलं तरी आपोआप लॉक होत नाही, कोणीतरी हँडल फिरवावं लागतं. ढकललं की बंद होणारं दार मात्र एका झुळकीतही लॉक होऊ शकतं. म्हणून असं दार घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. आतून उघडायचा खटका आहे का, आणि बाहेरून कुलूप लावलेलं असतानाही तो चालतो का, हे विचारा. चालत्या खोलीएवढ्या शीतगृहांच्या दारांना आतून असा खटका असतो, तेव्हा ही काही अशक्य मागणी नाही.

मामाने जुनंच दार ठेवलंय. आता आत जाताना दोन गोष्टी होतात. दार पूर्ण मागे नेऊन बाजूच्या भिंतीला साखळीने अडकवायचं, आणि कुलूप बंद करून चावीसकट आत जाणाऱ्याच्या खिशात. ते कुलूप जिथे लावतात त्या कोयंड्यापाशी त्याने खडूने लिहून ठेवलंय: "आधी हाक मार."