घरी पोहोचवणारी साखळी

नुसतं ‘पत्ता सांग’ म्हणून पत्ता मिळत नाही. कर्जतजवळच्या वेणगावात ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’चं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर तिथे उपचार होतात. औषधं लागू पडून माणूस जरा भानावर आला, की सामाजिक कार्यकर्ते त्याच्याशी गप्पांना बसतात. गावचा बाजार कुठल्या वारी? जत्रा कुणाची? रेल्वेने उतरायचं तर कुठे? तेलुगू बोलणाऱ्याजवळ तेलुगू येणारा बसतो, बंगाली बोलणाऱ्याजवळ बंगाली येणारा. बोलता बोलता एखाद्या तालुक्याचं नाव निघतं. मग तिथल्या पोलीस ठाण्याला फोन जातो आणि गावातलं कुणीतरी त्या घराच्या दारात जाऊन उभं राहतं.

या कामाची सुरुवात 1988ची. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना मुंबईत एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या नर्सिंग होममध्ये आणलं. बरा झाल्यावर कळलं, की तो पदवीधर आहे आणि वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. त्यातून ‘श्रद्धा’ उभी राहिली. 2006 मध्ये कर्जतचं सुमारे 120 जणांचं केंद्र सुरू झालं आणि 2018 मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर ‘श्रद्धा’ने सात हजारांवर माणसं घरी पोहोचवली होती.

पुरस्कार एका नावावर मिळतो, पण एक माणूस घरी पोहोचायला अनेक हात लागतात. आधी त्याला रस्त्यावरून उचलावं लागतं. पनवेलजवळच्या सील आश्रमासारख्या संस्था हे काम पोलिसांच्या मदतीने करतात. अंगावरच्या जखमा, क्षयरोग, रक्तक्षय यांसाठी सरकारी रुग्णालय लागतं. मनाचा आजार त्यानंतर हाती घेता येतो. कायद्यानेही पोलिसांना यात जबाबदारी दिली आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 नुसार अशा माणसाला संरक्षणात घेतल्यावर 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. त्याला कोठडीत डांबता येत नाही. तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य ठरतं. पण दाखल करायला जागा आणि त्या माणसाची भाषा कळणारं कुणी नसेल, तर एकटा हवालदार काय करणार? तिथे संस्था कामी येते. संस्थेलाही पोलिसांचा कागद लागतोच.

घरी पोहोचवणं म्हणजे नुसतं सोडून येणं नव्हे. काही घरांत त्या माणसाच्या फोटोला केव्हाच हार चढलेला असतो. रडारड होते, शेजारीपाजारी जमतात. त्या गर्दीतच कार्यकर्त्याला घरच्यांना पटवावं लागतं, की ही भूतबाधा नाही, आजार आहे. गोळ्या रोज द्यायच्या आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

सगळ्यांनाच परतायला घर असतं असं नाही. विशेषतः बायकांना. रस्त्यावर अत्याचार सोसलेली, कडेवर मूल असलेली बाई घरच्यांनी स्वीकारली नाही तर? अहिल्यानगरजवळ शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं ‘माऊली सेवा प्रतिष्ठान’ अशा स्त्रियांना मुलांसह कायमचं ठेवून घेतं. तिथे प्रत्येकीला ‘माऊली’ म्हणतात. रस्त्यावर ‘वेडी’ हेच नाव ऐकलेल्या बाईला ही हाक नवी असते. 1993 मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘द बॅनियन’ने आणखी एक वाट काढली. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेली चार-पाच माणसं साध्या वस्तीत एक घर घेऊन राहतात, एकत्र स्वयंपाक करतात, जमेल ते काम करतात. मदतीला एखादी कार्यकर्ती असते. हा प्रयोग रत्नागिरीतही आला आहे.

म्हणजे एक संस्था घरी पोहोचवते, दुसरी स्वतःच घर होते, तिसरी वस्तीत घर मांडून देते. या तीन वाटा एकमेकींच्या स्पर्धक नाहीत. रस्त्यावरून आणलेल्या माणसासाठी यातली कुठली वाट योग्य, हे आधी ठरत नाही. ते उपचारानंतर, त्याच्याशी बोलूनच कळतं. म्हणून या संस्थांनी एकमेकींना ओळखून असणं महत्त्वाचं.

ही साखळी तुटते ती बहुधा शेवटच्या कडीशी. गावी गेलेल्या माणसाच्या सोबत दिलेल्या गोळ्या कधीतरी संपतात. तालुक्याला त्या मिळत नाहीत, जिल्ह्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. गोळ्या बंद पडल्या की आजार उलटतो आणि तोच माणूस पुन्हा एखाद्या गाडीत चढून निघून जाऊ शकतो. मग पोलीस, आश्रम, डॉक्टर, सगळ्यांनाच पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बेघरांसाठी काय करावं असं विचारलं, की आपण कांबळ आणि जेवणाची पाकिटं काढतो. तीही हवीतच. पण ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर मनोविकाराच्या गोळ्या दर महिन्याला मिळतात की नाही, हे विचारणारी ग्रामसभाही बेघरांचंच काम करत असते.