वीज जाते, येते आणि संगणक थिजतो

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता, हे आजच्या पिढीला फारसे ठाऊक नसते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीजविकासावर बोलताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा संबंध थेट देशाच्या दारिद्र्यनिवारणाशी जोडला होता. आमच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारखी गावे ज्या सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, त्या प्रकल्पाच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. तरीही पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी झाड तारांवर पडते आणि वसतिगृहाच्या संगणक कक्षात अंधार होतो. विजेचे राजकारण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे आम्हांला वीज परत आल्यानंतरच्या संकटाविषयी लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे काम चालू असताना भर दुपारी वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती, हे आमच्या लक्षात आले ते त्या क्षणी. वीज आल्यावर संगणक सुरू झाला, पडद्यावर गोल फिरणारे ठिपके दिसले आणि तेथेच सारे थिजले. बोलावलेल्या दुरुस्ती कारागिराने पाहताक्षणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा निर्णय दिला. त्या यंत्रात तीन वर्गांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि जातीच्या दाखल्यांच्या प्रती होत्या. एका विद्यार्थिनीचा मूळ दाखला घराचे छप्पर गळून भिजला होता. वाचता येईल अशी प्रत तेवढी याच यंत्रात उरली होती. आम्ही फॉरमॅटला नकार दिला.

असे का होते, हे आधी समजून घ्यावे. आपण ‘सेव्ह’ म्हटले तरी माहिती त्याच क्षणी डिस्कवर उमटतेच असे नाही. ती काही काळ तात्पुरत्या स्मृतीत थांबते. तेवढ्यात वीज गेली तर लेखन अर्धवट राहते. विंडोजची नोंदपद्धती दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी असते: कोणता बदल करावयाचा ते आधी टिपायचे, मग खतावणीत चढवायचे. म्हणून बहुतेक वेळा खाते सावरते. परंतु ही रोजकीर्द डिस्कच्या रचनेची असते, आपल्या उघड्या फाइलीतील मजकुराची नव्हे. दुसरा घाव वीज परत येताना बसतो. परिसरातील पंप, पंखे, फ्रीज एकदम सुरू होतात आणि दाब हेलकावे खातो. याने संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारा डबा, दुबळा होतो. म्हणून वीज जाताच बटणे बंद करावीत आणि ती आल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

यंत्र थिजलेच तर वारंवार चालू-बंद करू नये. वायर बोर्डातून काढावी आणि चालू करण्याचे बटण वीस सेकंद दाबून धरावे. आत साठलेला विद्युतभार निघून जातो. प्रिंटर, पेनड्राइव्ह सारे काढून केवळ पडदा, कीबोर्ड आणि माउस ठेवावा. यूपीएस टाळून थेट भिंतीतील सॉकेटला जोडून पाहावे. वायर काढलेली असतानाच डबा उघडून, त्याच्या लोखंडी भागाला हात लावून मग रॅमची पट्टी काढावी. तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा घट्ट बसवावी. या एवढ्याने उठून बसलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत.

तरीही फरक पडला नाही तर एक परीक्षा करावी. विंडोज सुरू होण्याआधी बायोसच्या पडद्यावर जाऊन पंधरा मिनिटे तसेच बसावे. तेथेही यंत्र थिजले तर दोष विंडोजचा नाही. रॅम, एसएमपीएस किंवा मदरबोर्ड तपासावा. मदरबोर्डवरील कपॅसिटरची टोपी फुगलेली असेल तर ती डोळ्यांनाही दिसते. तेथे यंत्र नीट चालले तर संशय डिस्कवर किंवा विंडोजवर जातो. धम्माने शिकवलेला कार्यकारणभाव तो हाच: एक कारण बाजूला काढावे, परिणाम राहतो की जातो ते पाहावे. आमचे नववीचे विद्यार्थी हे पुस्तकापेक्षा येथे लवकर शिकले.

डिस्कवर संशय असेल तर दुरुस्तीआधी माहिती वाचवावी. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ भेटतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर चेकडिस्क चालवूच नये. आवाज नसेल तर सेफ मोडमध्ये यंत्र उघडते का ते पाहावे, फाइली बाहेर काढाव्यात आणि मगच चेकडिस्क लावावी. तिला काही तासही लागतात व मध्येच वीज गेली तर दुखणे वाढते. म्हणून आम्ही ती रात्री, वीज स्थिर असताना लावतो.

आम्ही त्या वेळी डिस्क काढून कक्षातील दुसऱ्या संगणकाला जोडली. त्या दुपारच्या नोंदी गेल्या होत्या, बाकीच्या सापडल्या, दाखल्याची प्रतही. गेलेल्या नोंदी दोन शिक्षकांनी आणि मोठ्या मुलींनी रात्री कागदावरून पुन्हा भरल्या.

आणखी एक लहान गोष्ट. वीज आल्यावर यंत्र चालते, पण संकेतस्थळ उघडत नाही आणि तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते. तेथे मदरबोर्डवरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. ती बदलून तारीख नीट केली की अर्ज पुन्हा भरता येतात. आता प्रत्येक संगणकाशेजारी वही टांगलेली आहे: वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, यूपीएस किती मिनिटे टिकला. शनिवारी नोंदींच्या दोन प्रती काढल्या जातात. एक कार्यालयाच्या कपाटात आणि दुसरी वसतिगृहाच्या अधीक्षिकांकडे राहते.