कडेने चालायचं, आतलं मोजायचं

हातात मोबाइल घेऊन शेताच्या बांधावरून एक फेरी मारा. जिथून निघालात तिथे परत आलात की ॲप सांगतं, इतके एकर, इतके गुंठे. याचं आता कुणाला नवल वाटत नाही, पण वाटायला हवं. तुम्ही शेतात पाऊलही टाकलेलं नाही, फक्त कडेने चाललात. मग आत किती जमीन आहे हे कडेला कसं कळलं?

बांधाच्या लांबीवरून कळलं म्हणावं, तर तेही नाही. 100 फूट बाजूच्या चौरसाला 400 फूट कुंपण लागतं आणि 190 बाय 10 फुटांच्या पट्टीलाही तेवढंच. चौरसात 10,000 चौरस फूट जागा मावते, पट्टीत 1,900. म्हणजे किती चाललात यापेक्षा कसे वळलात, यात खरी माहिती आहे.

आकडे घालून पाहू. शेताच्या एका कोपऱ्यात लिंबाचं झाड आहे. तिथून पूर्वेला किती फूट आणि उत्तरेला किती फूट, असे चारही कोपरे मांडले: (0, 0), (120, 0), (150, 90), (40, 110). आता फेरीच्या क्रमाने शेजारशेजारचे दोन कोपरे घ्यायचे. पहिल्याची पूर्व गुणिले दुसऱ्याची उत्तर, त्यातून दुसऱ्याची पूर्व गुणिले पहिल्याची उत्तर वजा. लिंबाला टेकलेल्या दोन बाजूंचं उत्तर शून्य येतं. उरलेल्या दोन बाजूंचे 10,800 आणि 12,900. बेरीज 23,700, निम्मे 11,850 चौरस फूट. गुंठा म्हणजे 33 फूट बाजूचा चौरस, 1,089 चौरस फूट. तेव्हा हे शेत अकरा गुंठ्यांना थोडं कमी.

ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने झाली. देवळाच्या प्रदक्षिणेसारखी उजवीकडून घातली असती, तर उत्तर उणे 11,850 आलं असतं. गणिताला दिशा कळते. ॲप ते उणे चिन्ह गुपचूप पुसून टाकतं.

हे का जमतं? शेताचे मनातल्या मनात बारीक बारीक चौकोनी तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याभोवती त्याच दिशेने एक फेरी घाला. दोन शेजारच्या तुकड्यांची सामाईक कड दोनदा चालली जाते, एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. जमाखर्च शून्य. अशा आतल्या सगळ्या कडा एकमेकींना खाऊन टाकतात आणि शिल्लक राहतो फक्त बाहेरचा बांध. युक्ती एवढीच. बहुचल कलनशास्त्रात हिलाच ग्रीनचं प्रमेय म्हणतात. तिथे जमिनीऐवजी प्रत्येक बिंदूवर एक बाण असतो, वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवावा तसा. कडेने फिरताना वाऱ्याने एकूण किती साथ दिली याची बेरीज, आतल्या सगळ्या चिमुकल्या भोवऱ्यांच्या बेरजेइतकी भरते.

हा ग्रीन म्हणजे जॉर्ज ग्रीन, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळचा पवनचक्कीवाला. शाळा जेमतेम वर्षभराची. 1828 साली त्याने वर्गणीदार जमवून वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध छापला. चाळिशीला आल्यावर तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि 1841 मध्ये वारला. तो निबंध विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या हाती 1845 मध्ये लागला, तेव्हा कुठे जगाला त्याची किंमत कळली. सपाट पृष्ठावरचं प्रमेय आज ज्या रूपात शिकवतात, ते मात्र त्या निबंधात नाही. ते 1846 मध्ये गणितज्ञ कोशीने छापलं. नाव ग्रीनचं राहिलं, आणि मला त्याचा आनंदच आहे.

विद्यार्थ्यांनी एकदा तरी स्वतः करून पाहावं असं उदाहरण लंबवर्तुळाचं. त्याच्या कडेवर क्ष = अ कोसाइन थीटा, य = ब साइन थीटा. वरचंच सूत्र कडेभर चालवलं, की साइनचा वर्ग आणि कोसाइनचा वर्ग मिळून 1 होतात आणि क्षेत्रफळ पाय गुणिले अ गुणिले ब, दोन ओळींत हातात. आता त्याच कडेची लांबी काढायला बसा. नेहमीच्या फलनांत ती मांडताच येत नाही, त्यासाठी वेगळी संकलनं घडवावी लागली. ज्या वाटेने चाललो तिची लांबी सांगता येईना, आणि तिने वेढलेलं क्षेत्र मात्र चुटकीसरशी!

स्वित्झर्लंडच्या याकोब आम्सलरने 1854 मध्ये हे सगळं पितळेत उतरवलं. बिजागरीने जोडलेले दोन दांडे आणि एक छोटं चाक. एका दांड्याचं टोक कागदावर रोवायचं, दुसऱ्याचं नकाशाच्या कडेवरून फिरवायचं. चाक आपल्या दांड्याच्या दिशेने नुसतं घसरतं, आडव्या दिशेने फिरतं. फेरी पुरी झाली की चाक एकूण किती फिरलं यावरून क्षेत्रफळ वाचायचं. प्लॅनिमीटर त्याचं नाव.

प्रमेयाला एक अट आहे, आणि खरी मौज तिच्यातच आहे. आत कुठे भोक नको. सरळ तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात, तार सोडली तर कुठेच भोवरा नसतो. तारेला बाहेर ठेवून फेरी घाला, बेरीज शून्य. तारेला वेढून घाला, की बेरीज शून्य येत नाही. आणि फेरी लहान असो, मोठी असो, वाकडीतिकडी असो, ती तेवढीच येते, तारेतल्या विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात. इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्प मीटर याच भरवशावर चालतो. तार सोलायची नाही, तोडायची नाही, नुसता जबडा भोवती मिटायचा. तार जबड्याच्या मधोमध असो की कडेला टेकलेली, आकडा जवळपास तोच.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घेतल्या, तर मीटर शून्य दाखवतो, कारण एकीतून गेलेली वीज दुसरीतून परत येते. शून्य दाखवत नसेल, तर ती कुठेतरी तिसरीकडून गळते आहे. घरातल्या आरसीसीबीमध्ये, म्हणजे गळती पकडणाऱ्या स्विचमध्ये, या दोन्ही तारा एकाच कड्यातून नेलेल्या असतात, आणि तिथे 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की खटका पडतो.