पडद्यावरचे तुकोबा

मंद्रूपकरांनो, मोबाईलवर रील बघता बघता कधीतरी १९३६ चा ‘संत तुकाराम’ पूर्ण बघा. आपण सोलापूर-विजयपूर रस्त्यावरची माणसं. घरात मराठी, शेजारी कन्नड, आणि तुकोबांच्या विठ्ठलाचं पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे हा सिनेमा आपल्याला फार जवळचा वाटतो.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबा साकारले विष्णुपंत पागनीसांनी. ते मूळचे रंगभूमीवरचे, तिथं स्त्रीभूमिका करणारे. पण पडद्यावर त्यांचे डोळे असे काही तल्लीन दिसतात की अभिनय चाललाय हेच विसरायला होतं. आजही तुकाराम महाराज म्हटलं की कित्येकांना पागनीसांचाच चेहरा आठवतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. या चित्रपटात बीज आणि वृक्षाची उपमा असलेलं एक पद आहे. अनेक जण ते तुकोबांचाच अभंग समजून भक्तीनं गातात. प्रत्यक्षात ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. म्हणून त्यातली भक्ती खोटी ठरते का? मला तरी नाही वाटत. गाणाऱ्याचा भाव खरा असेल तर सिनेमाचं गाणंही भजनात शोभतं.

आणि गौरीबाईंनी साकारलेली तुकोबांची बायको जिजाई नीट बघा. पोरांच्या पोटासाठी ती थेट विठ्ठलाशी भांडते. संसारातलं अध्यात्म मला तिच्यातच जास्त दिसतं.

बघितलात तर कोणता प्रसंग भिडला, खाली लिहा.