पीळ आणि ताण : मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील बोल्टांविषयी

मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेची दुरुस्ती हा विषय प्रथमदर्शनी गॅरेजमधील मिस्त्रीच्या हाताखालचा वाटतो. पदव्युत्तर अभ्यासाशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारल्यास त्यात वावगे काही नाही. परंतु या यंत्रणेतील एखादी नळी उघडून पुन्हा जोडताना जो एक लहानसा बोल्ट आवळावा लागतो, त्याच्या ठायी घर्षण, स्थितिस्थापकत्व, उष्णतेमुळे होणारे प्रसरण आणि कंपन हे यंत्रशास्त्राचे चार अध्याय एकत्र आलेले असतात. तो बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर गाडीतील गारवा तर जातोच, शिवाय पृथ्वीचे तपमान वाढविण्यास हातभार लावणारा वायू हवेत मिसळतो. सेवापुस्तिकेत बोल्टापुढे दिलेला आकडा म्हणजे नेमके काय, तो कोणत्या गृहीतांवर उभा आहे, आणि गळती थांबविण्याशी त्याचा संबंध किती, याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. पान्याच्या टोकाशी लावलेले बल आणि बोल्टाच्या अक्षापासून त्या टोकाचे अंतर यांच्या गुणाकारास कारखान्यात ‘टॉर्क’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘पीळ’ हा शब्द योजिला आहे. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. बोल्ट आवळल्यामुळे त्याच्या दांड्यात जे ओढणारे बल उत्पन्न होते, त्यास ‘ताण’ म्हटले आहे. हा ताणच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. आपणांस हवा असतो तो ताण, आणि पान्यावर मोजता येतो तो पीळ. या दोहोंत जे अंतर पडते, तेच या विषयाचे मर्म होय.

उदाहरणादाखल मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील नेहमीचा नळीचा जोड घेऊ. नळीच्या टोकास ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, समोरच्या भागावर तसाच दुसरा. एका ठोकळ्यातून निघालेले नळीचे तोंड दुसऱ्यातील भोकात शिरते आणि त्याच्या खाचेत रबरी ओ-रिंग बसलेली असते. दोन्ही ठोकळे एकाच बोल्टाने जोडलेले असतात, आणि हा बोल्ट नळीच्या मध्यावर नसून एका बाजूस असतो. तो बहुधा ६ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे एम-६ मापाचा असतो. अनेक गाड्यांत त्यासाठी ८ ते १० न्यूटन-मीटर पीळ सांगितलेला आढळतो. आपल्या हिशेबासाठी ९ हा आकडा धरू. प्रत्यक्ष कामात मात्र त्या त्या गाडीच्या सेवापुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

आवळलेला बोल्ट ही वस्तुतः एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. ८.८ प्रतीच्या पोलादी एम-६ बोल्टाचे ताण सोसणारे क्षेत्रफळ २०.१ चौरस मिलिमीटर असते, आणि कायमची लांबी न वाढता तो सुमारे ११,६०० न्यूटन भार सहन करतो. त्यात ७,५०० न्यूटन ताण उत्पन्न केला आणि पकडीतील लांबी २० मिलिमीटर धरली, तर बोल्ट लांबतो तो केवळ ०.०३६ मिलिमीटर! जोडाची सारी पकड केसाच्या जाडीहूनही कमी असलेल्या या वाढीत साठविलेली असते. पृष्ठावर राहिलेला रंगाचा पापुद्रा, धुळीचा कण किंवा डोक्याखाली किंचित दबलेला ॲल्युमिनियमचा थर यांपैकी एकाही कारणाने मिलिमीटरचे दोनतीन शतांश हरवले, की ताणाचा मोठा भाग नाहीसा होतो. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र बोल्ट जागच्या जागी दिसत असतो.

आता पिळाचे काय होते ते पाहू. साधारण हिशेब असा, की दिलेल्या पिळापैकी सुमारे निम्मा भाग बोल्टाच्या डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे चार दशांश भाग आट्यांतील घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्याच्या उपयोगी पडतो तो उरलेला सुमारे एक दशांश. व्यवहारात हे नाते एका सोप्या सूत्राने मांडतात : पीळ म्हणजे ताण, बोल्टाचा व्यास आणि एक गुणक यांचा गुणाकार. हा गुणक प्रामुख्याने घर्षणावर अवलंबून असतो. कोरड्या पोलादी बोल्टासाठी तो ०.२ च्या आसपास धरतात. त्यानुसार ९ न्यूटन-मीटर पिळाने एम-६ बोल्टात ७,५०० न्यूटन ताण येतो, म्हणजे त्याच्या सामर्थ्याच्या सुमारे ६५ टक्के. हे योग्यच आहे.

परंतु त्याच बोल्टाच्या आट्यांना व डोक्याखाली तेल लागले आणि गुणक ०.१२ वर आला, तर त्याच ९ न्यूटन-मीटर पिळाने १२,५०० न्यूटन ताण निर्माण होईल. हा ताण बोल्टाच्या सहनशक्तीपलीकडचा आहे. पान्याने आपले काम चोख बजावले, आकडा पुस्तिकेप्रमाणे आला, आणि तरीही बोल्ट कायमचा लांबला, असा हा प्रकार होय. उलट आट्यांत गंज वा कचरा असेल, तर तोच आकडा दाखवूनही बोल्ट ढिला राहतो. ओ-रिंगला तेल लावा पण आट्यांना लागू देऊ नका, अशी ताकीद अनेक सेवापुस्तिकांत असते, तिचे कारण येथे सापडते. पुस्तिकेतील आकडा हा विशिष्ट घर्षण गृहीत धरून केलेला हिशेब आहे. ते घर्षण बदलले की त्या आकड्याचा अर्थही बदलतो.

येथे एका व्यापक गैरसमजाचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. जोडातून प्रशीतक, म्हणजे बोलीभाषेतील ‘गॅस’, गळू लागला की बोल्ट आणखी थोडा आवळावा, असा अनेकांचा परिपाठ असतो. पाण्याच्या नळाच्या अनुभवावरून ही समजूत आलेली असावी. परंतु या जोडात गळती रोखणारा घटक बोल्ट नसून ओ-रिंग आहे. ती ज्या खाचेत बसते, तिची मापे ठरलेली असतात, आणि त्या मापांमुळेच रबर त्याच्या जाडीच्या साधारण १५ ते २५ टक्के दाबले जाते. दोन्ही ठोकळ्यांची पृष्ठे एकमेकांस टेकली, की बोल्ट कितीही आवळला तरी रबरावरील दाब वाढत नाही. वाढतो तो केवळ धातूवरील भार. टेकलेल्या जोडातून गळती होत असेल, तर ओ-रिंग जुनी, कापलेली, चुकीच्या मापाची वा न चालणाऱ्या रबराची आहे, किंवा पृष्ठावर ओरखडा आहे, असेच समजावे.

दाबाचा हिशेबही हेच सांगतो. आर-१३४ए या प्रशीतकाचा संपृक्त दाब ६० अंश सेल्सिअसला सुमारे १६.८ बार असतो. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात रहदारीत अडकलेल्या गाडीच्या कंडेन्सरमध्ये ही स्थिती सहज येते. सीलबंद वर्तुळाचा व्यास १६ मिलिमीटर धरला, तर जोड उघडू पाहणारे बल सुमारे ३२० न्यूटन भरते. बोल्टातील ताण याच्या तेवीसपट आहे. म्हणजे केवळ वायूचा दाब आवरण्यासाठी एवढ्या ताणाची गरज नाही, हे उघड आहे.

मग तो ताण हवा कशासाठी? याला दोन कारणे आहेत. बोल्ट एका बाजूस असल्यामुळे नळीवर येणारे बल तरफेप्रमाणे ठोकळे उचकटू पाहते, हे पहिले. दुसरे कारण कंपनाचे आहे. कॉम्प्रेसर इंजिनावर बसविलेला असतो आणि कंडेन्सर गाडीच्या सांगाड्यावर, त्यामुळे मधल्या नळ्या सतत हादरत असतात. जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर याने १९६९ साली दाखवून दिले, की बोल्टाच्या अक्षाच्या दिशेने होणाऱ्या हालचालीपेक्षा अक्षाला आडव्या होणाऱ्या हालचालीमुळे बोल्ट अधिक वेगाने सैल होतात. पृष्ठे एकमेकांवर घसरू लागली, की आट्यांतील घर्षणाचा अडसर जणू मोकळा होतो आणि बोल्ट आपण होऊन उलगडू लागतो. ही घसरण मुळातच होऊ न देणे हे ताणाचे खरे कार्य आहे. कॉम्प्रेसर इंजिनाशी जोडणाऱ्या बोल्टांना हाच न्याय अधिक कठोरपणे लागू पडतो, कारण तेथे पट्ट्याची ओढ सतत आडवी येत असते.

ॲल्युमिनियममुळे प्रश्न आणखी नाजूक होतो. साध्या षट्कोनी डोक्याच्या एम-६ बोल्टाखाली भार घेणारे क्षेत्र जेमतेम २८ चौरस मिलिमीटर असते. ७,५०० न्यूटन ताणाला तेथे दर चौरस मिलिमीटरवर सुमारे २७० न्यूटन दाब येतो, आणि तो पुष्कळ ॲल्युमिनियम मिश्रधातूंच्या सहनमर्यादेजवळ किंवा तिच्यापलीकडे जातो. रुंद कडेच्या डोक्याचा बोल्ट असेल, तर हे क्षेत्र ८० चौरस मिलिमीटरच्या आसपास जाऊन दाब शंभराच्या आत राहतो. म्हणून मूळ बोल्ट हरवल्यावर डब्यातला ‘त्याच मापाचा’ दुसरा लावणे हा बदल दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

त्यातच उष्णतेची भर पडते. ॲल्युमिनियमचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तपमान ८० अंशांनी वाढले, तर २० मिलिमीटर लांबीत या दोहोंत सुमारे ०.०१८ मिलिमीटर फरक पडतो, म्हणजे आपल्या बोल्टाच्या मूळ वाढीच्या निम्मा. ठोकळाही काहीसा दबत असल्याने हा सर्व फरक ताणात उतरत नाही. तथापि अगोदरच अति आवळलेल्या बोल्टाखालचा धातू गरम असताना चेपला जातो, आणि गाडी थंड झाल्यावर तोच बोल्ट ढिला पडतो. अति आवळण्याचा परिणाम अशा रीतीने सैलपणात होतो!

हाताच्या अंदाजाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर ९ न्यूटन-मीटर पिळासाठी ६० न्यूटन, म्हणजे सुमारे सहा किलोग्रॅम वजनाइतके बल पुरते. चाकाच्या बोल्टांना सरावलेला हात २५ सेंटिमीटरच्या पान्यावर सहज १५० न्यूटन लावतो, आणि पीळ चौपट होतो. यास्तव मापाचा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, वापरणे आवश्यक आहे. तरीही त्याची मर्यादा जाणून असावे. चांगल्या पान्याची चूक ४ ते ६ टक्क्यांच्या आत असते, परंतु घर्षणाच्या अनिश्चिततेमुळे प्रत्यक्ष ताणात २५ ते ३० टक्के फरक पडू शकतो. पान्याची अचूकता म्हणजे ताणाची अचूकता नव्हे.

या विवेचनावरून कामाची रीत आपोआप ठरते. कोणताही जोड सैल करण्यापूर्वी यंत्रणेतील प्रशीतक योग्य उपकरणाने काढून घ्यावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. जुनी ओ-रिंग पुन्हा वापरू नये. नवी ओ-रिंग सांगितलेल्या मापाची व रबराची घेऊन, यंत्रणेत चालणारे तेल फक्त तिलाच लावावे. पृष्ठे व आटे स्वच्छ, कोरडे करावेत. ठोकळे हातानेच सरळ टेकवावेत. वाकडी राहिलेली नळी बोल्टाने ओढून जागेवर आणू नये, कारण तसे केल्यास पीळ नळी वाकविण्यात खर्च होतो. बोल्टाचे पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत, म्हणजे ते तिरके बसण्याची भीती राहत नाही. नंतर एकाच संथ ओढीने ठरलेला पीळ द्यावा, आणि पान्याने खूण दिल्यावर थांबावे. ‘खात्रीसाठी’ दुसऱ्यांदा ओढू नये. ज्या जोडात नळीभोवतीची चाकीच फिरवावयाची असते, तेथे दोन पाने वापरावेत, एक फिरविण्यास व दुसरा समोरचा भाग धरून ठेवण्यास. अन्यथा मऊ नळीच पिळली जाते. कॉम्प्रेसरचे सर्व बोल्ट आधी हाताने बसवून मग दोन फेऱ्यांत आवळावेत.

शेवटी यंत्रणेतील हवा काढून निर्वात टिकतो का हे पाहतात, परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. निर्वात अवस्थेत जोडावर फार तर एका वातावरणाचा फरक असतो, आणि तोही उलट दिशेने. म्हणून कोरड्या नायट्रोजनच्या दाबाखाली गळती तपासणे श्रेयस्कर. गळती आढळल्यास जोड उघडून कारण शोधावे.

एवढी काळजी एका बोल्टासाठी कशाला, या शंकेचे उत्तर आकड्यांतच आहे. आर-१३४ए ची तापमानवर्धक क्षमता शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डाय-ऑक्साइडच्या १,४३० पट धरली जाते. लहान मोटारीत हा वायू अर्धा किलोग्रॅम असेल, तर तो गळून जाणे हे सुमारे ७१५ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडण्यासारखे आहे. अशा वायूंचा वापर घटविण्याचा किगाली येथील करार २०१६ साली झाला, आणि भारताने त्यास २०२१ साली अनुमोदन दिले. युरोपात रूढ झालेल्या आर-१२३४वायएफ या प्रशीतकाचा हा दोष नगण्य आहे, परंतु तो अल्पज्वलनशील असल्याने गळतीची चिंता तेथेही संपत नाही.

ज्या विद्यार्थ्यांना या विषयाचा प्रत्यक्ष पडताळा घ्यावयाचा असेल, त्यांनी प्रयोगशाळेत बोल्टाच्या डोक्याखाली भारमापक ठेवून तोच बोल्ट एकदा कोरडा व एकदा तेल लावून सारख्याच पिळाने आवळून पाहावा. पान्यावरचा आकडा दोन्ही वेळी तोच राहील, भारमापकावरचा मात्र राहणार नाही. मापन कशाचे झाले आणि अपेक्षा कशाची होती, यांतील भेद त्या दोन नोंदींत स्पष्ट दिसेल. तो भेद ओळखता येणे ही केवळ बोल्टाच्याच नव्हे, तर कोणत्याही मापनाच्या अभ्यासाची पहिली पायरी होय.