शितावरून भाताची परीक्षा

स्वयंपाकघरांत गृहिणी एक शीत बोटांनीं दाबून पाहते आणि सगळा भात शिजला असें ठरविते. तिचें अनुमान सहसा चुकत नाहीं. कारण पातेलें एक, आधण एक आणि खालचा विस्तवही एकच. थोड्यांवरून सर्वांविषयीं सिद्धान्त बांधणें यालाच सामान्यीकरण म्हणतात. परंतु माणसें म्हणजे एका पातेल्यांतील शितें नव्हेत, हें आपण विसरतों.

आपल्या नैयायिकांनीं हा धोका फार पूर्वीं ओळखला होता. जेथें धूर तेथें अग्नि, ही व्याप्ति खरी. पण जेथें अग्नि तेथें धूर, ही खरी नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या सर्पणाच्या योगानें. अशा लपलेल्या अटीस ते ‘उपाधि’ म्हणत.

खानदेशांतील धरणगांवचें उदाहरण याच जातीचें आहे. १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां ‘भिल्ल म्हणजे लुटारू’ असा अंमलदारांचा ग्रह झाला होता. लष्करी मोहिमांनीं लूट थांबेना. १८२५ सालीं जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानें भिल्लांचीच पलटण उभारण्याचें काम हातीं घेतलें. धरणगांव हें तिचें ठाणें झालें. कालपर्यंत ज्यांचा पाठलाग होत असे, त्यांच्यांतलेच कित्येक पगार व विश्वास मिळतांच मुलखाचे रखवालदार बनले. लूट रक्तांत नव्हती. भूक आणि बुडालेले हक्क हें तेथील ओलें सर्पण होतें. इतकें घडूनही १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तो रद्द व्हावयास १९५२ साल उजाडलें.

ही खोड विचाराच्याही आधींची आहे, असें मानसशास्त्र दाखवितें. १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत वॉटसन व रेनर या अमेरिकन संशोधकांनीं सुमारें अकरा महिन्यांच्या बालकाला पांढरा उंदीर दाखवितांना मागें लोखंडी कांब ठोकून मोठा आवाज केला. पुढें तें मूल उंदरासच काय, सशाला आणि केसाळ कोटालाही भिऊं लागलें! असा प्रयोग आज कोणी करूं देणार नाहीं. परंतु भय कसें पसरतें, हें त्यानें कळलें.

आपल्या घरांत तरी निराळें काय घडतें? एका परीक्षेंत गणित चुकलें कीं मुलगा ‘ढ’ ठरतो. एकदां दूध उतूं गेलें कीं ‘सुनेचें लक्षच नसतें.’ ती आजारी मुलाजवळ रात्रभर जागली होती, हें कोणी विचारीत नाहीं. निकाल देण्यापूर्वीं ओलें सर्पण कोठें आहे तें पहावें. निदान आपल्या माणसांना तरी एवढा न्याय मिळावा.