मोटारींतील प्राणवायुमापक घरीं बदलतांना

मोटार हांकतांना चालकासमोरच्या फळीवर एंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा अकस्मात् लागतो. गाडी पूर्वीसारखीच चालत असते, आवाजांतही फरक नसतो. पेट्रोल मात्र किंचित् अधिक जाऊं लागतें. कोड वाचणारें लहानसें यंत्र जोडून पाहतां ऑक्सिजन सेन्सरचें नांव निघतें, आणि घरचा कर्ता गृहस्थ नवा सेन्सर मागवून मोकळा होतो. या घाईंत पुष्कळांचे पैसे व कित्येकांचा अख्खा रविवार फुकट जातो. कारण यंत्रानें ज्याचें नांव घेतलें तो अनेकदां केवळ साक्षीदार असतो, गुन्हेगार दुसराच निघतो.

ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे प्राणवायुमापक, ही स्पार्क प्लगाहून थोडी मोठी वस्तु होय. एंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळींत ती आट्यांवर बसविलेली असते. तिच्या टोंकाशीं झिर्कोनिया नांवाच्या, चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असते. टोपीच्या बाहेरून धूर वाहतो आणि आंत स्वच्छ हवा असते. सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापल्यानंतर, दोहों बाजूंच्या प्राणवायूंत जों जों तफावत अधिक तों तों टोपींत विजेचा दाब अधिक उत्पन्न होतो. पेट्रोल जास्त झालें कीं हा दाब ०.९ व्होल्टच्या घरांत जातो; हवा जास्त झाली कीं ०.१ वर उतरतो. पेट्रोलच्या एका भागास वजनानें १४.७ भाग हवा हें प्रमाण साधावें, म्हणून गाडींतील गणकयंत्र या खुणेकडे पाहून पेट्रोल सारखें कमीजास्त करीत असतें. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीनें १९७७ च्या सालाकरितां कॅलिफोर्नियांत आणलेल्या गाड्यांत हा मापक प्रथम दिसला.

एवढी काटेकोरी कशासाठीं? धुरांतील विषारी वायु निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या प्रमाणाच्या अगदीं जवळपासच आपलें काम नीट करतो. मापक बिघडून पेट्रोल सतत जास्त जाऊं लागलें, तर तें कन्व्हर्टरांत जळतें, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे महाग धातु ज्यांत पसरलेले असतात तें त्याचें आंतलें जाळें तापून वितळूं लागतें. त्यापुढें मापकाची किंमत कांहींच नव्हे. तेव्हां दिव्याकडे डोळेझाक करणेंही परवडण्यासारखें नाहीं.

परंतु आधीं साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी. ‘हवा जास्त आहे’ असें मापक सांगत असेल, तर हवा खरोखरच जास्त असूं शकते: एखादी रबरी नळी चिरलेली असते, किंवा आंत जाणारी हवा मोजणारा तारेचा मापक धुळीनें माखलेला असतो. धूरनळीला मापकाच्या अलीकडे बारीक भोंक पडलें असेल, तर तेथून बाहेरची हवा आंत ओढली जाऊन मापकाला फसविते. मापक लवकर तापावा म्हणून त्यांत विजेचा तापक असतो. कोड त्या तापकाविषयीं असेल तर प्रथम फ्यूज पाहावा, मग जोड सोडवून तापकाच्या दोन तारांमधील विद्युत्-रोध मोजावा. तार आंत तुटली असल्यास मोजणारें यंत्र स्पष्ट सांगतें, आणि तेव्हांच नवा मापक मागवावा.

पुढचा प्रश्न, कोणता मापक? अमेरिकेंत, जेथें घराला लागून गॅरेज असल्यामुळें हीं कामें घरीं करण्याची चाल आहे, तेथें टोयोटाची २००४ ते २०२० या सालांची सिएना ही कुटुंबाची गाडी या बाबतींत चांगलीच कसोटी पाहते. तिचें सहा सिलिंडरांचें एंजिन आडवें बसविलेलें असून सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. कोडांत ‘बँक १’ म्हणजे ज्या रांगेंत पहिला सिलिंडर आहे ती; आणि सिएनांत ही रांग मागें, एंजिन व बैठक यांमधील पोलादी भिंतीला खेटून असते. बोनेट उघडतांच समोर दिसतो तो दुसऱ्या रांगेचा मापक. हाताशीं आला म्हणून तोच बदलणारे थोडे नाहींत. शिवाय या गाडींत कन्व्हर्टरपूर्वीचा मापक निराळ्या जातीचा असतो. वर दिलेले व्होल्टचे आंकडे त्याला लागू नाहींत, आणि कन्व्हर्टरनंतरचा मापक तेथें चालत नाहीं.

मागच्या मापकाकडे जाण्यास वायपर व कांचेच्या पायथ्याचें झाकण काढल्यास वरून वाट होते. खालून जावयाचें असेल तर गाडी भक्कम स्टँडवर टेकलेलीच असली पाहिजे. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे प्राणाशीं खेळ. आदल्या रात्रीं थंड नळीवर गंज सोडविणारें तेल आट्यांपाशीं सोडावें. सकाळीं एंजिन थोडा वेळ चालवून बंद करावें. कोमट धातु सैल पडतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. जोडाची खीळ जुनी होऊन ठिसूळ झालेली असते. कित्येकदां खरा वेळ तीच खाते. मापकाला २२ मिलिमीटरचा पाना लागतो. तारेसाठीं बाजूला फट ठेवलेला खास पाना मिळतो, पण जोर पडतांच तो फांकतो आणि षट्कोनाचे कोपरे झिजवितो. जुना मापक टाकावयाचाच असल्यानें तार कापून टाकून त्यावर अखंड, सहा कोनी, खोल पाना बसविणें हाच शहाणपणा. थोडें सोडवावें, थोडें परत आवळावें, पुन्हा तेल द्यावें. आटे किरकिरूं लागले तर थांबावें. ते तुटल्यास मापकाबरोबर नळीही गमवावी लागते. अशा वेळीं काम कारखान्याकडे सोंपविण्यांत कमीपणा नाहीं.

नवा मापक बसवितांना अंधारांत चांचपडत आटे जुळवावयाचे असतात. मापक फिरतो तशी त्याची तारही पिळत जाते. म्हणून आधींच तिला उलट्या दिशेनें पांचसहा पीळ द्यावे, म्हणजे ते आपोआप सुटतात. पहिले कांहीं फेरे बोटांनींच द्यावेत. पान्याची घाई झाली कीं आटे आडवे जातात. आट्यांवर मुळांतच वंगण नसेल तर तें लावावें, टोंकाला मात्र लागूं देऊं नये. शेवटचा जोर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें, बहुधा ४० न्यूटन-मीटरच्या आसपास, असावा. तार तापत्या नळीपासून दूर, मूळच्या चिमट्यांत अडकवावी.

एंजिन पुन्हा चालू करतांना गॅरेजचें दार उघडें हवें. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सांध्यापाशीं फसफस ऐकूं आली नाहीं म्हणजे कोड पुसून टाकण्यास हरकत नाहीं. मात्र कोडाबरोबर गणकयंत्राच्या स्वतःच्या चांचण्याही पुसल्या जातात, आणि त्या पुन्हा पुऱ्या होण्यासाठीं कांहीं दिवस गाडी निरनिराळ्या वेगांनीं चालवावी लागते. तोंपर्यंत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतील धूरतपासणीस ती नेल्यास, दिवा विझलेला असूनही, तपासनीस तिला परत पाठवितो.